सुट्टीत भेंडवळची वाट

नातवंडं सुट्टीला जळगाव जामोदला आली की अक्षय्य तृतीयेला मी त्यांना भेंडवळला नेते. आमच्याच तालुक्यातलं गाव. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुरू केलेली घटमांडणी तिथे तीनशेहून अधिक वर्षं चालत आल्याचं सांगतात. आजही वाघ घराणंच ती मांडतं.

संध्याकाळी शेतात गोल घट आखून कडेने अठरा धान्यं ठेवतात. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे जून ते सप्टेंबर. त्यांवर पाण्याची घागर, वर पुरी, पापड, कुरडई. रात्री तिथे कुणी थांबत नाही. सूर्योदयाला कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं धान्य सरकलं, हे पाहून पाऊस-पिकांचं भाकीत सांगतात.

याला विज्ञानाचा आधार नाही, हे मी पोरांना स्पष्ट सांगते. ती भाकितं वहीत लिहून घेतात आणि पावसाळा संपल्यावर हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहतात. पण मला खरं अप्रूप धान्यांचं. अंबाडी, भादली, जवस, करडई, लाख, सरकी! शहरातल्या मुलांनी यातलं बरंचसं कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून आदल्या दिवशी सगळी परातीत ओतून ओळखायला लावते.

तुम्ही येणार असाल तर अंधारातच निघा.