वाटी निसटते तेव्हा

गॅदरिंगच्या व्हॉलीबॉल मॅचमध्ये उडी मारून वळलो आणि उजव्या गुडघ्याची वाटी चक्क बाहेरच्या बाजूला सरकली. पाय सरळ केल्यावर आपोआप जागेवर आली. ‘काही नाही रे’ म्हणत मी क्रेप बँडेज गुंडाळलं आणि चौथ्या दिवशी पुन्हा कोर्टवर! वाटी परत निसटली. तेव्हा कुठे हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो.

मित्रांनो, वाटी म्हणजे आपल्या भाषेत कप्पी. मांडीच्या पुढच्या स्नायूचा ओढा ती नडगीकडे वळवते, त्याची तरफ वाढवते आणि मांडीच्या हाडातल्या खाचेतून वरखाली सरकते. तिला आतून धरणारं लिगामेंट फाटलं की ती बाहेर पळते. न निसटताही दुखू शकते. जिना उतरताना, सबमिशनच्या रात्री तासन्‌तास गुडघे दुमडून बसल्यावर हमखास.

निसटलेली वाटी मित्राकडून ढकलून घेऊ नका. गुडघा टम्म सुजला तर एक्स-रे काढाच. नुसत्या आरामाने मांडी बारीक होते, वाटी आणखी सैल पडते. म्हणून फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे रोज पाय ताठ ठेवून वीतभर उचलतो, कुशीवर झोपूनही. रूममेट हसतात, हसू देत.

तीन महिने झाले. मेसचा जिना आता कठडा न धरता उतरतो. व्हॉलीबॉलला मात्र अजून परवानगी नाही. सध्या स्कोअर लिहितो.