मेटल म्हणजे नुसता गोंगाट नव्हे

मेटल संगीत लावले की घरची मोठी माणसे आधी आवाज कमी करायला सांगतात. दाराबाहेरून ऐकणाऱ्याला त्यात ढोलांचा दणदणाट आणि आरडाओरडाच ऐकू येणार. आम्हा हॉस्टेलवाल्यांना गाणी ऐकायला वेळ मिळतो तो रविवारी. त्या वेळात 2024 मध्ये आलेले तीन अल्बम मी सलग ऐकले. पहिल्या ऐकण्यात काय सापडले ते सांगतो.

आधी दोन शब्दांचे अर्थ पाहू. प्रोग्रेसिव्ह मेटलमध्ये धृपद-कडवे-धृपद हा क्रम पाळलाच जातो असे नाही. गाणे पुढे सरकत राहते आणि मध्येच ताल बदलतो. परेडमध्ये आपण डावा-उजवा, डावा-उजवा चालतो. ताल सात मात्रांचा असेल तर पहिली मात्रा एकदा डाव्या पायावर येते आणि पुढच्या आवर्तनात उजव्या! अशा गाण्यावर स्क्वॉड चालवून पाहा. अ‍ॅटमॉस्फेरिक मेटलमध्ये वेगापेक्षा वातावरणाला महत्त्व असते. तिथे गिटारच्या आवाजाचे थरावर थर चढवलेले असतात.

पहिला अल्बम स्वीडनच्या ओपेथचा, 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट'. पहिल्या महायुद्धानंतरच्या काळातले एक श्रीमंत घर, वडिलांचे मृत्युपत्र आणि त्यातून बाहेर पडणारी गुपिते अशी ही कथा आहे. पहिल्या सात गाण्यांना नावे नाहीत, मृत्युपत्रातल्या कलमांसारखे क्रमांक आहेत. गायक मिकाएल ओकरफेल्ट यांचा गुरगुरणारा आवाज, म्हणजे ग्राउल, 2008 नंतर प्रथमच ओपेथच्या अल्बममध्ये परतला आहे. इथे तो राग दाखवण्यापुरता नाही, कथेतल्या कडवटपणाला शोभतो. जेथ्रो टलचे इयन अँडरसन यांची बासरीही यात आहे.

दुसरा, अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या ब्लड इन्कँटेशनचा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'. यात दोनच रचना आहेत, प्रत्येकी वीस मिनिटांहून मोठ्या. तुफान वाजणारे ड्रम थांबतात आणि अंतराळात तरंगल्यासारखा सिंथेसायझर सुरू होतो. पहिल्यांदा ऐकताना हे वळण मला तुटक वाटले. दुसऱ्यांदा त्याची चाहूल आधीच लागली.

तिसरा, फ्रान्सच्या अल्सेस्टचा 'ले शाँ द लोरोर', म्हणजे पहाटेची गाणी. फ्रेंच कळत नसले तरी उजाडल्याचा भास होतो. मात्र काही गाणी एकमेकांसारखी वाटली.

अशा संगीताबद्दल पहिल्या दहा मिनिटांत मत बनवू नये, असे मला वाटते. पहिल्यांदा फक्त ड्रमकडे लक्ष द्यावे, दुसऱ्यांदा बास गिटारकडे. मग गोंगाटातली रचना दिसू लागते.

पालकांना एक विनंती. ओपेथच्या अल्बममधले शेवटचे गाणे आधी ऐका. ते शांत आहे, त्यात ग्राउल नाही. ते ऐकून झाल्यावर आवाज कमी करायला सांगितलेत, तर आम्ही लगेच करू.