पिस्तूल नेमबाजीचे प्रशिक्षण
एका हाताने व कोणत्याही आधाराविना पिस्तूल धरून ठराविक अंतरावरील लक्ष्याचा वेध घेण्याचे कौशल्य पद्धतशीर सरावाने वाढविण्याची रीत. पिस्तूल नेमबाजीचा अंतर्भाव १८९६ मध्ये अथेन्स येथे झालेल्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिक सामन्यांतही होता. ५० मी. पिस्तूल हा जुना प्रकार २०१६ च्या रीओ ऑलिंपिकनंतर वगळण्यात आला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १० मी. एअर पिस्तूल, पुरुषांसाठी २५ मी. रॅपिड फायर पिस्तूल व महिलांसाठी २५ मी. पिस्तूल हे प्रकार खेळले गेले.

जितकी काडतुसे अधिक झाडावीत तितका नेम सुधारतो, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो अर्धवट खरा आहे. सरावाने जशी योग्य हालचाल अंगवळणी पडते, तशीच चुकीची हालचालही पक्की होते. शिवाय लक्ष्यफलकावरील छिद्र नेम किती चुकला एवढेच सांगते. तो का चुकला हे सांगत नाही. म्हणून चुकीचे घटक वेगळे करून त्यांतील प्रत्येकावर स्वतंत्रपणे काम करणे, हे आधुनिक प्रशिक्षणाचे मुख्य सूत्र होय.

नेम चुकण्याचे दोन प्रकार मुळातच भिन्न असतात. संपूर्ण हात समांतर सरकला व नळीची दिशा कायम राहिली, तर हात जेवढा सरकेल तेवढाच छर्रा लक्ष्यावर सरकतो. याउलट पुढची माशी मागच्या खाचेत मध्यभागी नसेल, तर नळी लक्ष्याशी कोन करते व ती चूक अंतराबरोबर वाढत जाते. माशी व खाच यांतील अंतर सुमारे ३३ सेंमी. धरल्यास १० मी. अंतरावर ही चूक जवळजवळ ३० पटींनी मोठी होते. एअर पिस्तुलाच्या लक्ष्यफलकावर १० गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११·५ मिमी. असून छर्रा ४·५ मिमी. व्यासाचा असतो. छर्रा वर्तुळाच्या कडेला टेकला तरी गुण मिळत असल्याने त्याचा मध्य केंद्रापासून ८ मिमी.पर्यंत ढळला तरी चालतो. म्हणजे हात ५ मिमी. सरकला तरी १० गुण शाबूत राहतात. पण माशी खाचेत १ मिमी. सरकली, तर छर्रा सुमारे ३ सेंमी. दूर जाऊन ७ गुणांवर येतो. मानवी डोळ्यास माशी, खाच व लक्ष्य एकाच वेळी स्पष्ट दिसू शकत नाहीत. त्यामुळे नजर माशीवर खिळवून लक्ष्य अंधूक दिसू द्यावे, असे शिकविले जाते. नवशिक्यास हे पटणे कठीण जाते. तो हटकून काळ्या वर्तुळाकडेच पाहतो.

हात पूर्णपणे स्थिर कोणाचाच राहत नाही. तो स्थिर करण्याच्या अट्टहासातून सर्वांत घातक दोष उद्भवतो. माशी केंद्रावरून जाताना दिसताच नवशिका चाप झटक्याने ओढतो आणि बार उडण्याच्या धसक्याने मनगट आधीच आकसते. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचा बार अशा वेळी बहुधा खाली व डावीकडे जातो. हा दोष नेमबाजास स्वतःला जाणवत नाही, कारण बाराचा आवाज व धक्का त्यास झाकून टाकतात. तो उघडकीस आणण्याची जुनी युक्ती म्हणजे खऱ्या काडतुसांत काही निकामी काडतुसे नेमबाजाच्या नकळत मिसळणे. निकामी काडतुसावर चाप ओढला गेला, की पिस्तुलाचे तोंड खाली झुकलेले स्पष्ट दिसते.

यावरील प्रमुख उपाय म्हणजे काडतुसाविना सराव, म्हणजेच ड्राय फायरिंग. पांढऱ्या कोऱ्या भिंतीसमोर पिस्तूल धरून माशी न हलता चाप सुटेपर्यंत दाब सारखा वाढवीत नेण्याचा हा अभ्यास आहे. समोर वर्तुळच नसल्याने गुणांचा मोह उरत नाही. एअर पिस्तुलाच्या चापास किमान ५०० ग्रॅ., तर २५ मी. प्रकारातील पिस्तुलाच्या चापास किमान १,००० ग्रॅ. भार पेलता यावा असा नियम आहे. एवढा दाब बोटाने एकसारखा वाढविणे हीच खरी कसोटी होय. या सरावापूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून घेणे व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवणे अत्यावश्यक आहे. ०·२२ इंची पिस्तुलांतील आघातकीलक रिकाम्या कोठीच्या कडेवर आपटून तिला इजा होऊ शकते. म्हणून तेथे बनावट काडतूस वापरतात. नळीच्या हालचालीचा मार्ग संगणकाच्या पडद्यावर रेखाटणारी साधनेही आता उपलब्ध आहेत. चाप सुटण्यापूर्वीच्या क्षणार्धात काय घडले हे त्यांमुळे प्रत्यक्ष दिसते. मात्र दर बारानंतर पडदा पाहण्याची सवय लागल्यास स्वतःच्या जाणिवेने चूक ओळखण्याची शक्ती खुंटते. बार कोठे गेला असावा हे नेमबाजाने आधी सांगावे व मगच पाहावे, ही रीत अधिक हितकर होय.

सरावाचा क्रमही महत्त्वाचा असतो. शे व मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, निरनिराळ्या हालचाली मिसळून शिकणारे सरावाच्या वेळी मागे पडले; परंतु पुढील चाचणीत तेच सरस ठरले. हा निष्कर्ष नेमबाजीस जसाच्या तसा लागू करणे धाडसाचे होईल. ज्याची मूठच अद्याप बसलेली नाही, त्याने एकच क्रिया पुनःपुन्हा करणे इष्ट. रॅपिड फायर प्रकारात मात्र शेजारी शेजारी असलेल्या पाच लक्ष्यांवर ८, ६ व ४ सेकंदांत प्रत्येकी एक बार टाकावयाचा असतो. तेथे तिन्ही वेळा मिसळून केलेला सराव तयार खेळाडूस उपयुक्त ठरतो. ४ सेकंदांच्या फेरीत ४५ अंशांवर खाली धरलेला हात उचलून पहिला बार टाकण्यातच बराच वेळ जात असल्याने केवळ त्या पहिल्या बाराचा वेगळा अभ्यास करवितात.

कौशल्य नव्याने उभारता येते, याचे विलक्षण उदाहरण हंगेरीचे कारोली टाकाच यांचे आहे. १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात त्यांचा उजवा हात निकामी झाला. पुढे डाव्या हाताने सराव करून त्यांनी १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर प्रकारात सुवर्णपदके मिळविली. भारतात विजय कुमार यांनी २०१२ मध्ये लंडन येथे याच प्रकारात रौप्यपदक जिंकले. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई सामन्यांत २५ मी. पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. मनू भाकर यांच्या पिस्तुलात २०२१ मध्ये टोकिओ येथे पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला व त्यांची अंतिम फेरी हुकली. २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांनी दोन कांस्यपदके मिळविली. शस्त्राची दुरुस्ती, खोळंबा, उरलेल्या वेळेचा हिशेब यांची तालीम म्हणूनच आता सरावात मुद्दाम अंतर्भूत करतात. हृदयाचे ठोके मंद करून हाताचा कंप कमी करणारी बीटा-रोधक औषधे या खेळात सामन्यांच्या काळात व एरवीही निषिद्ध आहेत.