हप्ता जाईल म्हणून काम सोडायचे का?

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून गोंदियात पालकसभेला येणाऱ्या आया मुलांच्या अभ्यासाआधी एकच विचारतात, "मॅडम, मी बिडीचं, शिलाईचं काम धरलं तर हप्ता बंद होईल का?" काहींनी तर ऐकीव बातमीवर हातचे काम सोडले. म्हणून हा हिशेब एकदा वहीत मांडू या.

महिना १५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि घरात आयकर भरणारा कोणी नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुले. सासरे, दीर त्यात येत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

समजा, नवरा राइस मिलमध्ये महिना १२,००० कमावतो. वर्षाचे झाले १,४४,०००. बायकोने बिड्या वळून महिना २,००० मिळवले तर बेरीज १,६८,०००. हद्द अजून खूप दूर आहे. हप्त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. मला विचारणाऱ्या बहुतेक घरांचा हिशेब इथेच संपतो. त्यांनी घाबरून काम सोडू नये.

खरी अडचण हद्दीजवळच्या घरांची आहे. नवऱ्याचे उत्पन्न २,३०,००० असेल आणि बायकोने शिलाईचे २४,००० आणले, तर बेरीज २,५४,०००. हद्द ओलांडली चार हजारांनी, पण गेले अख्खे १८,०००. वर्षभर मशीन चालवून हाती उरले ६,०००, म्हणजे महिन्याला ५००. तिच्या कमाईतले शंभरातले पंच्याहत्तर रुपये गेले. आयकराचा सर्वांत वरचा टप्पासुद्धा ३० टक्क्यांचा आहे! निसाबाचीही हद्द असते, पण ती ओलांडल्यावर जकात म्हणून मालाचा चाळिसावा हिस्साच द्यावा लागतो.

अशा घरातली बाई एकतर मशीन झाकून ठेवते, नाहीतर कमाई लपवते. हमीपत्रावर खोटी सही करून आलेल्या पैशाला मी बरकत म्हणणार नाही. त्यापेक्षा मोठे काम शोधावे. तिला महिना ६,००० ची नोकरी मिळाली तर वर्षाचे ७२,००० येतील. हप्ता जाऊनही ५४,००० उरतील. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात महिलांना २५,००० पर्यंतच्या मासिक पगारावर व्यवसाय कर नाही. पुरुषांना ही सूट ७,५०० पर्यंतच आहे.

फुकटच्या पैशाने बायका आळशी होतात, असे चहाच्या टपरीवर बसून सांगणारे पुष्कळ भेटतात. इराणने डिसेंबर २०१० मध्ये इंधन आणि रोटीवरची सवलत कमी करून घरोघरी रोख रक्कम देणे सुरू केले. अर्थतज्ज्ञ जवाद सालेही-इस्फहानी आणि त्यांच्या सहकाऱ्याने त्याचा अभ्यास केला. लोकांनी त्यामुळे काम कमी केल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आणि खोकल्याने बेजार झालेली एखादी बहीण या १५०० रुपयांमुळे दिवसाकाठी शंभर बिड्या कमी वळत असेल, तर त्याला आळस कसे म्हणावे?

दोष मदतीचा नाही, तिच्या काठाचा आहे. अडीच लाखांच्या वर दर चार रुपयांमागे हप्त्यातला एक रुपया कमी करत नेला, तर २,५४,००० च्या त्या घरातून १८,००० ऐवजी फक्त १,००० रुपये जातील, आणि शिलाईच्या २४,००० पैकी २३,००० तिच्याजवळ राहतील.