गाडीची नाडी

वैद्यापुढे बसून "प्रकृती बरी नाही" एवढेच सांगणारा रोगी आपण पाहिलेला नाही. पण गॅरेजात जाऊन "गाडी बरोबर चालत नाही हो" म्हणणारे गृहस्थ मात्र पावलोपावली भेटतात. ज्यांच्या गाडीचे गिअर आपोआप पडतात, त्यांना तर हा मोघमपणा फार महागात पडतो. मी मराठीचा मास्तर. शब्दांचा आग्रह धरायची आमची खोडच. पण इथे शब्द चुकला तर मार्क नव्हे, पैसे जातात.

मुळात "ऑटोमॅटिक" हे एकच नाव निरनिराळ्या यंत्रांना आहे. एका प्रकारात तेलाने भरलेल्या डब्यात दोन पंखे समोरासमोर असतात. एक इंजिन फिरवते आणि तेलाच्या झोताने दुसरा फिरतो. दुसऱ्या प्रकारात दोन पुल्या आणि एक पट्टा. आमच्या गोंदियात भाताच्या गिरण्या पाहिलेल्यांना पट्टा-पुली समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की या पुल्या चालता चालता लहानमोठ्या होतात. तिसरा प्रकार २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आपल्याकडे आला आणि मध्यमवर्गाच्या दारात उभा राहिला. त्यात गिअरपेटी साधीच. फक्त क्लच दाबणारा पाय आणि गिअर टाकणारा हात यंत्राचा. म्हणजे दुखणे पेटीतच असेल असे नाही, हातापायांतही असू शकते.

आमच्या गाडीचे तसेच झाले. ती या तिसऱ्या जातीची. सकाळी ती कधीकधी गिअरच घेईना. एका मोठ्या गॅरेजने यंत्रावर लावून पाहिली आणि अख्खी पेटी बदलण्याचा खर्च सांगितला. आकडा ऐकून धाकटीच्या कॉलेजची फी डोळ्यांपुढे उभी राहिली. मग एका ओळखीच्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने पाना उचललाच नाही, नुसते प्रश्न विचारले. रोज होते की अधूनमधून? थंड असताना की धावून आल्यावर? चढावर की सपाटीला?

उत्तरे आमच्या सौ.नी दिली, कारण गोरेगावच्या शाळेत रोज गाडी नेतात त्या. "गाडी दोन दिवस उभी राहिली, की तिसऱ्या दिवशी सकाळी हमखास," त्या म्हणाल्या. "आणि दादा, ड्रायव्हरचे दार उघडल्यावर आतून घूं आवाज येतो ना, तो हल्ली लांबतो. रडवेला वाटतो."

मिस्त्री हसला. ते घूं म्हणजे क्लच आणि गिअर हलवायला लागणारा तेलाचा दाब तयार करणारा पंप. तो विजेवर चालतो. त्याने बॅटरीला मीटर लावला. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखवते. आमची बारालाही पोचेना आणि इंजिन चालू करताना तर पार ढेपाळली. नवी बॅटरी बसली आणि गिअर निमूट पडू लागले.

सगळ्यांचेच इतक्यावर निभावते असे नाही. इंजिन ओरडते पण वेग वाढत नाही, याला "घसरणे" म्हणावे. आमच्या जातीच्या गाडीत ते बहुधा झिजलेल्या क्लचचे लक्षण. गिअर पडताना आचका बसला तर इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते, तेही आधी पाहून घ्यावेत. पंख्यांच्या गाडीत तेल पाहावे. ते बहुतेक लाल नि स्वच्छ असते. काळे पडून जळका वास आला तर आतल्या चकत्या जळू लागल्या, आणि गुलाबी दुधासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी आत शिरले. यंत्रावर "पी ०७००" असा आकडा उमटला म्हणून कुणी घाबरवले तर घाबरू नये. गिअरच्या संगणकाची काहीतरी तक्रार आहे, एवढाच त्याचा अर्थ. कोणती, ते पुढचे आकडे सांगतात.

आणि पुलाच्या चढावर गर्दीत अडकलात, तर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नका. ब्रेक लावा. आमच्यासारख्या गाडीचा क्लच तिथेच भाजून निघतो.