रूबेची दगडी वाट

रस्ते नीट करणें हें सुधारणेचें पहिलें लक्षण होय, असें आम्हीं शाळेंत मुलांना पुष्कळ वर्षें शिकविलें, आणि तें सर्वथा खरेंही आहे. परंतु ज्या प्रदेशांतील लोक आपल्या शिवारांतील खडबडीत वाट गुळगुळीत होऊं नये म्हणून मंडळ स्थापन करतात, उखडलेले दगड हुडकून आणून पुन्हा जसेच्या तसे बसवितात, आणि त्या कामीं बागकामाच्या शाळांतील विद्यार्थ्यांचे हात लावतात, त्या प्रदेशाविषयीं वाचकांना कुतूहल वाटल्यावांचून राहणार नाहीं. हा प्रदेश म्हणजे फ्रान्स देशाचा उत्तरेकडील, बेल्जमच्या सीमेला लागलेला भाग. ज्या वाटेसाठीं हा खटाटोप चालतो, ती पॅरिस–रूबे या सायकलशर्यतीची वाट होय. वर्षांतून एकदां, बहुधा एप्रिलच्या दुसऱ्या रविवारीं, ही शर्यत होते व एकाच दिवसांत संपते. तिचा इतिहास शर्यतीपेक्षां त्या भूमीचाच अधिक आहे, म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रूबे हें गिरण्यांचें शहर. एकोणिसाव्या शतकांत तेथें लोंकरीच्या व सुताच्या गिरण्या इतक्या झाल्या, कीं लोक त्यास फ्रान्सचें मँचेस्टर म्हणत. तेओदोर व्हिएन व मोरिस पेरेझ या दोन गिरणीमालकांनीं १८९५ सालीं तेथें सायकलींच्या शर्यतींसाठीं एक बांधीव गोल मैदान तयार करविलें. मैदान झालें, आतां तें गाजावें कसें? दोघांनीं विचार केला, कीं पॅरिसहून निघून आमच्या मैदानांत संपणारी शर्यत भरवावी. त्या काळीं बोर्दो–पॅरिस ही शर्यत फार नांवाजलेली होती. ती थोड्याच दिवसांवर आली होती. तेव्हां आमची शर्यत म्हणजे त्या मोठ्या परीक्षेपूर्वींची एक तालीम होईल, असें त्यांनीं ‘ल व्हेलो’ या पॅरिसच्या क्रीडापत्राला लिहून कळविलें. पत्राच्या चालकांस ही कल्पना पसंत पडली, आणि मार्ग पाहून येण्यासाठीं त्यांनीं व्हिक्टोर ब्रेयेर नांवाच्या आपल्या माणसास धाडलें.

ब्रेयेर आमियँ शहरापर्यंत मोटारींतून गेला. दुसऱ्या दिवशीं पुढील वाट त्यानें सायकलीवर धरली, तों पावसानें गांठलें. दगडी फरसबंदी, तीवर चिखल, अंगांत भरलेली थंडी, अशा स्थितींत तो कसाबसा रूबेस पोंचला तेव्हां त्याचा निश्चय झाला होता, कीं असल्या वाटेवर माणसांस धांवावयास लावणें हें माणुसकीस सोडून आहे. तार करून हा बेत मोडून टाकावा. परंतु रात्रीं यजमानांकडे ऊन जेवण झालें, मनासारखी बोलणीं झालीं, आणि तार राहून गेली! जगांतील किती संस्था अशा एखाद्या न पाठविलेल्या तारेवर उभ्या असतील, कोण जाणें.

१९ एप्रिल १८९६ रोजीं पहिली शर्यत झाली. मार्ग सुमारें २८० किलोमीटरांचा होता व पहिलें बक्षीस १००० फ्रँकांचें होतें. योझेफ फिशर या जर्मन गड्यानें सव्वानऊ तासांच्या सुमारास अंतर काटून तें जिंकलें. तिसरा आला मोरिस गारँ. हा इटलींत जन्मलेला गरीब मुलगा धुराडीं साफ करण्याचें काम करीत वाढला होता आणि त्या वेळीं रूबेसच राहत असे. पुढील दोन्ही वर्षीं, म्हणजे १८९७ व १८९८ सालीं, तोच पहिला आला; आणि १९०३ सालीं जेव्हां फ्रान्सच्या महाप्रदक्षिणेची शर्यत सुरू झाली, तेव्हां तिचाही पहिला विजेता तोच ठरला. ईस्टरच्या सणाच्या सुमारास भरत असल्यामुळें ‘ईस्टरची शर्यत’ असें एक सोज्ज्वळ नांव हिला मिळालें होतें. पुढें मिळालेलें दुसरें नांव मात्र सोज्ज्वळ नव्हे.

१९१४ सालीं महायुद्ध पेटलें आणि नेमक्या याच मुलखांतून सैन्यांच्या आघाड्या चार वर्षें मागें-पुढें सरकत राहिल्या. १९१५ पासून १९१८ पर्यंत शर्यत झाली नाहीं. १९०९, १९१० व १९११ अशीं लागोपाठ तीन वर्षें ती जिंकणारा ओक्ताव्ह लापिझ विमानी दलांत होता. तो १९१७ सालीं पडला. १९१३ चा विजेता फ्रांस्वा फाबेर १९१५ सालींच रणांत पडला होता. युद्ध संपल्यावर, रस्ता कोठवर उरला आहे हें पाहण्यास शर्यतीचे चालक व वार्ताहर निघाले. जसजसें उत्तरेकडे जावें तसतशीं घरें दिसेनाशीं होत, झाडांचीं नुसतीं जळकीं खोडें उभीं, तोफांच्या गोळ्यांनीं जमीन चाळणीसारखी झालेली, आणि जिकडे तिकडे क्रूस रोवलेलीं थडगीं. या प्रवासाच्या वर्णनांत ‘उत्तरेचा नरक’ हे शब्द आले, आणि ते शर्यतीस कायमचे चिकटले. आज पुष्कळांस वाटतें, कीं हें नांव दगडांमुळें पडलें. तसें नाहीं, तें माणसांनीं माणसांची जी गति केली तीमुळें पडलें. तरीही १९१९ च्या वसंतांत शर्यत झाली, आंरी पेलिस्येनें ती जिंकली. उध्वस्त गांवांतून पुन्हा सायकली गेल्या, हेंच त्या वर्षींचें खरें बक्षीस होतें असें आम्हांस वाटतें.

आतां वाचकांनीं मुलांना जवळ बसवून फ्रान्सचा नकाशा समोर घ्यावा, म्हणजे मार्ग नीट ध्यानांत येईल. शर्यतीच्या नांवांत पॅरिस राहिलें असलें, तरी मार्गांतून तें १९६६ सालींच गळालें. त्या वर्षीं आरंभ शांतियीहून झाला, आणि १९७७ पासून तो पॅरिसच्या ईशान्येस सुमारें ८० किलोमीटरांवरील काँपिएन्य या गांवाहून होतो. हें तेंच गांव, जेथें १४३० सालीं जोन ऑफ आर्क शत्रूच्या हातीं लागली, आणि याच्याच जवळच्या अरण्यांत ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं युद्धतहकुबीवर सह्या झाल्या. येथून जवळजवळ ९५ किलोमीटर रस्ता डांबरी आहे. मग त्रुआव्हील हें खेडें लागतें आणि दगडांस आरंभ होतो. एकंदर मार्ग २६० किलोमीटरांच्या आसपास. त्यांपैकीं सुमारें ५५ किलोमीटर दगडी. हे दगडी तुकडे तीसच्या आगेंमागें असतात आणि त्यांची गणती उलटी होते. पहिला भेटणारा तुकडा सर्वांत मोठ्या अंकाचा आणि शेवटचा पहिला. जपाच्या माळेचे मणी ओढावे तसे स्वार ते एकेक मागें टाकीत जातात. प्रत्येकाच्या कठीणपणाप्रमाणें त्याला एक ते पांच तारे दिलेले असतात. पांच ताऱ्यांचीं स्थळें तीन: आरांबेरची अरण्यवाट, माँ-आँ-पेव्हेल, आणि अखेरच्या १७ किलोमीटरांच्या सुमारास येणारी कारफूर द लार्ब्र.

मुंबई–पुणें सायकलशर्यत ज्यांना ठाऊक आहे त्यांना वाटेल, कीं शर्यतीचा कस घाटांतच लागावयाचा. येथें घाट नाहीं, चढ म्हणण्यासारखा चढही नाहीं. सपाट बीटाचीं शेतें आणि त्यांतून जाणारी बैलगाडीच्या वाटेएवढी अरुंद फरसबंदी. ती मध्यें उंच व कडांस उतरती. दगड एकसारखे नाहींत. कित्येक ठिकाणीं दोन दगडांमधील फटींत चाक जाईल अशी स्थिति. पाऊस असला तर चिखल, नसला तर धूळ. स्वार मधल्या उंचवट्यावरून जाऊं पाहतात, कारण पंक्चरची भीति तेथें कमी. वेग कमी केला कीं धक्के अधिक बसतात, म्हणून भीति वाटते त्याच ठिकाणीं वेग राखावा लागतो. टायर नेहमींपेक्षां रुंद घेतात व त्यांत हवा कमी ठेवतात. हँडलास पट्टीचे दुहेरी वेढे देतात. आणि साथीदार वाटेच्या कडेला सुटीं चाकें घेऊन उभे असतात. इतकें करूनही संध्याकाळीं तळहात फोडांनीं भरलेले असतात.

या वाटेवर एकदां दुसरेंच संकट आलें. दुसऱ्या महायुद्धानंतर रस्त्यांवर डांबर पडूं लागलें. दगडी वाट म्हणजे आपल्या गांवाच्या मागासलेपणाची खूण, असें गांवोगांवच्या कारभाऱ्यांस वाटे. शर्यत येण्यापूर्वीं ती झांकली गेली तर बरें, अशी त्यांची धडपड असे. यांत त्यांचा दोष तो काय? शेतकऱ्याला गाडी हांकावयाची असते, नरकाची कीर्ति नको असते. पण १९६० नंतरच्या वर्षांत दगड इतके उणे झाले, कीं शर्यतीचें वैशिष्ट्यच नाहींसें होणार असें दिसूं लागलें. तेव्हां चालकांनीं जुन्या वाटांचा शोध चालविला, आणि जाँ स्ताब्लिन्स्की या स्वारानें त्यांस आरांबेरची वाट दाखविली. हा पोलंडहून आलेल्या कुटुंबांतील मुलगा. लहानपणीं त्यानें याच अरण्याखालीं कोळशाच्या खाणींत काम केलें होतें आणि पुढें १९६२ सालीं तो जगज्जेता झाला. ज्या भूमीच्या पोटांत त्यानें घाम गाळला, तिच्याच पाठीवरून तो १९६८ सालीं शर्यतींत धांवला. असें भाग्य दुसऱ्या कोणास लाभल्याचें आम्हांस ठाऊक नाहीं. पुढें १९८३ सालीं ‘पॅरिस–रूबेचे मित्र’ या नांवाचें मंडळ निघालें, आणि आरंभीं सांगितलेलें दगड राखण्याचें काम तेंच करतें. जे कारभारी पूर्वीं दगडांनीं लाजत, त्यांच्याच गांवांना आज त्यांचा अभिमान आहे.

येथें एक प्रश्न सुज्ञ वाचक विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. एवढें दुःख मुद्दाम ओढवून घेण्यांत पुरुषार्थ कोणता? १९९८ सालीं बेल्जमचा योहान म्युसेऊ आरांबेरच्या वाटेवर पडला, गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळून पाय जाण्याची वेळ आली. दोन वर्षांनीं तोच मनुष्य रूबेच्या मैदानांत पहिला शिरला, आणि त्यानें तोच पाय उचलून गुडघ्याकडे बोट दाखविलें. ही कथा ऐकून ऊर भरून येतो. परंतु २०१८ सालीं याच शर्यतींत मिकाएल गोलार्ट्स हा २३ वर्षांचा बेल्जियन मुलगा हृदय बंद पडून कोसळला व त्याच रात्रीं वारला, हेंही त्याच वहींत लिहून ठेवलें पाहिजे. त्याच्या आईबापांपुढें पुरुषार्थाची व्याख्या करावयास आम्ही धजणार नाहीं. एवढेंच म्हणतां येईल, कीं चालकांनीं भीतीची जागा कमी करण्याचे उपाय थांबवितां कामा नये. तसे ते करीतही आहेत. २०२४ सालीं आरांबेरच्या तोंडाशीं वेग मोडणारें तीव्र वळण घातलें गेलें, आणि दगडांत माजलेलें निसरडें गवत खाण्यासाठीं त्या वाटेवर शेळ्या सोडल्या गेल्या.

स्त्रियांना मात्र या वाटेचें दार सव्वाशें वर्षें बंद होतें. तें २ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडलें. इंग्लंडच्या लिझी डाइगनन या बाई, एका मुलीची आई, पहिल्या दगडी तुकड्यापूर्वींच पुढें निसटल्या आणि उरलेले सुमारें ८० किलोमीटर एकट्या चालवून जिंकल्या. त्यांच्या हँडलाच्या पट्टीवर तळहातांचें रक्त लागलें होतें. जें काम बायकांना झेपणार नाहीं असें इतकीं वर्षें गृहीत धरलें, तें कोणीं करून पाहूं दिलें नव्हतें एवढेंच.

शर्यत संपते ती रूबेच्या गोल मैदानांत, दीड फेऱ्यांनीं. विजेत्यास चांदीचा पेला मिळत नाहीं. वाटेवरचाच एक दगड बैठकीवर बसवून देतात. मैदानाशेजारीं एक जुनें न्हाणीघर आहे. तेथील सिमेंटच्या आडोशांवर पितळी पाट्या आहेत आणि त्यांवर विजेत्यांचीं नांवें. १९७२ पासून १९७७ पर्यंत चार वेळां जिंकणारा रोजे द व्ह्लामिंक, आणि २०१२ सालीं आपला चौथा विजय मिळविणारा टॉम बूनेन, या दोघांची बरोबरी अजून कोणीं मोडली होती असें २०२५ पर्यंत झालें नाहीं. त्या सालीं मात्यू व्हान डर पूल यानें लागोपाठ तिसरा विजय मिळवून लापिझची आठवण ताजी केली.

रूबेच्या बहुतेक गिरण्या आतां थंड आहेत. आरांबेरची खाण १९८९ सालीं बंद झाली. २०१२ सालीं तो खाणींचा मुलूख जागतिक वारशांत गणला गेला. गिरणी गेली, खाण गेली, आणि ज्या वाटेवरून मजूर पहांटे कामास जात ती वाट राहिली. ती कोणास सोयीची म्हणून राहिली नाहीं. आपले वाडवडील यावरून गेले, हें विसरावयाचें नाहीं असें कांहीं लोकांनीं ठरविलें आणि त्यासाठीं कुदळ हातीं घेतली, म्हणून राहिली. आमच्याही घरांत जुन्या गोष्टींचा अभिमान बोलून दाखविणारे पुष्कळ असतात. त्यांनीं त्या मंडळाकडून एवढें घ्यावें, कीं सगळा रस्ता दगडी ठेवण्याचा हट्ट त्यांनीं धरला नाहीं. दोनशें किलोमीटर डांबर आनंदानें पतकरलें. राखावयाचे ते पंचावन्नच निवडले, आणि ते मात्र स्वतःच्या हातांनीं राखले.