मॅरेथॉन किती झाल्या? खरं सांगा!

प्रत्येक वसाहतीत एक तरी मॅरेथॉनवीर असतोच. मग ती पिंपरी असो, भोसरी असो की चाकण. पाहुणे आले की पाण्याचा तांब्या पुढे येण्याआधी भिंतीवरची पदके दाखवली जातात. "आपल्या एकवीस मॅरेथॉन झाल्या!" पाहुणे बिचारे मान डोलावतात. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज येतो, "त्यातल्या सहा तीन किलोमीटरच्या! आणि एकीला तर नुसता टी-शर्ट आणायला गेला होतात!"

घरच्या माणसांइतका कडक हिशेब तपासनीस जगात दुसरा नाही.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर धावले गेले आणि पुढे तेच कायम झाले. आपल्या मापात सांगायचे तर निगडी ते दापोडी साधारण साडेबारा किलोमीटर. एकदा जा, परत या, पुन्हा जा, तरी साडेचार किलोमीटरच्या वर शिल्लक राहतेच! पण आपल्याकडे पुढाऱ्याच्या वाढदिवसाची दौडही मॅरेथॉन आणि शाळेची तीन किलोमीटरची शर्यतही मॅरेथॉन. काही जण तर खुर्चीवर बसूनच 'मॅरेथॉन बैठक' घेतात!

त्यामुळे आकडा फुगवणे अगदी सोपे. 'मिनी' हा शब्द हळूच गिळायचा. दोन अर्ध्या मिळून एक पूर्ण धरायची. भाकरीचे दोन अर्धे जोडले तर एक भाकरी होते, हे खरे. पण अंगात साठवलेली साखर संपत येते ती साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास. खरी मॅरेथॉन तिथे सुरू होते. अर्ध्यावाला तोवर घरी जाऊन पोहे खात असतो!

हा आजार फक्त आपल्याकडचा नाही. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये फ्रेड लॉर्झ दमला आणि मोटारीत बसला. वाटेत मोटारच बंद पडली, तसा उतरून पुन्हा धावू लागला. लोकांनी त्यालाच विजेता समजून जयजयकार केला! बिंग फुटायला वेळ लागला नाही. १९८० साली बोस्टनमध्ये रोझी रुइझ पहिली आली. ती शेवटी शेवटी गर्दीतून मार्गावर घुसल्याचे दिसून आले आणि आठ दिवसांत किताब गेला. आदल्या वर्षीची न्यूयॉर्कची नोंदही रद्द झाली. सांगायला दोन, हाती शून्य! लॉर्झ मात्र पुढच्याच वर्षी, १९०५ साली, बोस्टन खरोखर धावून जिंकला.

आता धावपटूच्या क्रमांकाला चिप असते. ठरावीक ठिकाणी जमिनीवर पट्टे अंथरलेले असतात. मधला पट्टा चुकला की चोरी उघडी पडते.

खरे तर मापाची गोष्ट आपल्या कामगारांना सांगायची गरजच नाही. शॉपमध्ये पीस गेजमध्ये बसला नाही की रिजेक्ट. "साहेब, जवळजवळ बसतोय" असे म्हणून चालत नाही. अर्धवट पीस उत्पादनाच्या आकड्यात धरत नाहीत. पाळीभर असा काटेकोर हिशेब देणारा माणूस रविवारी मात्र माप विसरतो!

आणि फुगवायचे तरी कशाला? बारामतीच्या लता करे साठी उलटल्यावर नऊवारीत, अनवाणी धावल्या. पतीच्या उपचारासाठी पैसे हवे होते. अंतर होते तीन किलोमीटर. २०२० साली त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले. तीनचे बेचाळीस करण्याची त्यांना गरज पडली नाही.

रात्रपाळी करून आलेला माणूस झोप मोडून दहा किलोमीटर धावतो, हीच केवढी मोठी गोष्ट! तिला मोठे नाव दिले की ती उलट लहान होते. शिवाय दाराआड पोर ऐकत असते. बाबांच्या दहाचे बेचाळीस होतात, तर आपल्या पस्तीस मार्कांचे पंच्याहत्तर का होऊ नयेत, असे त्याला वाटले तर रागावणार कोणत्या तोंडाने?

म्हणून यापुढे पाहुण्यांना सरळ सांगा : पूर्ण एक, अर्ध्या चार, दहाच्या नऊ, तीनच्या सहा आणि एक नुसता टी-शर्ट. बेरीज एकवीसच होते. आणि स्वयंपाकघरातून आवाज येत नाही, चहा येतो!